दिव्यांची हजेरी

१

गाडी मेली होती, यात वादच नव्हता. वाद एवढाच होता की मरण्याआधी तिने हाक मारली होती की नाही.

डायलिसिसच्या रुग्णांना दवाखान्यात नेणारी-आणणारी ती पांढरी व्हॅन पुलाच्या चढावर मधेच आखडली, मागे घसरली आणि कठड्यावर आदळली. आतल्या एका आजोबांचा हात मोडला. इंजिन उघडून पाहिलं तर तेलाचा थेंब नाही. आता कुठल्याही गाडीत तेल कमी झालं की चालकासमोर एक लाल झारी, म्हणजे झारीच्या आकाराचा दिवा, पेटते. चालक शपथेवर सांगत होता की झारी पेटलीच नाही, आणि गाड्यांच्या आवारातले बाकी सगळे सांगत होते की पेटली असणार, यानेच बघितली नाही.

हा चालक म्हणजे वहिनींचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर वहिनींनी त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद न करता स्वतः चालवायला घेतलं, तेव्हा याच भावजींनी नाक मुरडलं होतं, दुकान विकून टाका म्हणाले होते. "बाईमाणसानं गाडीखाली आडवं पडायचं, शोभतं का?" वहिनी म्हणाल्या होत्या, "उभ्यानं होत असेल तर तुम्ही दाखवा करून." तेव्हापासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद.

त्या दिवशी सकाळी वहिनी एका टेम्पोत डॅशबोर्डखाली डोकं घालून उताण्या पडल्या होत्या. दारात सावली पडली.

"दुकान विकलेलं नाही अजून," त्या आतूनच म्हणाल्या.

"त्यासाठी नाही आलो, वहिनी."

"मग?"

भावजी उपड्या खोक्यावर बसले. मग म्हणाले, "मला सगळे खोटारडा म्हणतायत."

वहिनी बाहेर आल्या. या माणसात शंभर खोडी होत्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हट्टी होता, तोंडाळ होता, जेवताना मीठ मागून घरच्यांचा जीव खायचा. पण खोटं? लहानपणी काच फोडून स्वतःच सांगत सुटायचा, असं सासूबाई सांगायच्या.

"फोनवर होतात?"

"नाही."

"मागे बघून गप्पा?"

"गप्पा चालल्या होत्या. पण डोळे समोर होते. झारी पेटली नाही वहिनी, कुणाचीही शपथ घेऊन सांगतो. आज संध्याकाळी आवार सांभाळणाऱ्या मॅडम निकाल देणार. माझ्यावर ठपका आला तर पुन्हा रुग्णांच्या गाडीवर कुणी बसू देणार नाही मला. आणि त्या आजोबांच्या डोळ्याला डोळा मी कसा द्यायचा?"

वहिनींनी टेस्ट लॅम्प, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले. "चला," म्हणाल्या. "आणि तोंड पाडू नका, अजून काही मेलेलं नाही. गाडी सोडून."

आवारात व्हॅन एका कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. वहिनी चालकाच्या जागेवर बसल्या, किल्ली अर्धी फिरवली. समोरच्या काळ्या फळीवर एकेक दिवा उजळला. हातब्रेक, बॅटरीचा चौकोन आणि त्याच्या शेजारी झारी, लाल, लख्ख.

"दिवा लागतो, वहिनी," खिडकीपाशी उभे असलेले मास्तर हळूच म्हणाले. "रोज लागायचा. त्या दिवशी सकाळीही लागला होता. मी या डोळ्यांनी पाहिलाय."

भावजींनी मान खाली घातली. वहिनी मात्र त्या लाल झारीकडे बघत राहिल्या.

२

मास्तर म्हणजे त्या आवारातले हजेरीमास्तर. माणसांची हजेरी कुणीही घेतं, हे गाड्यांच्या दिव्यांची घ्यायचे. रोज सकाळी प्रत्येक गाडी फाटकाशी थांबायची. चालकानं किल्ली अर्धी फिरवायची, मास्तरांनी खिडकीतून वाकून पुकारा करायचा. "हातब्रेक?" "हजर." "बॅटरी?" "हजर." "तेल?" "हजर." मग मास्तर म्हणायचे, "सुरू करा," आणि इंजिन चालू झालं की बॅटरीचा आणि तेलाचा दिवा विझायचा. त्याला मास्तर म्हणायचे "रजा". एखादा दिवा गैरहजर असला, तर देव जरी आत बसलेला असला तरी गाडी फाटकाबाहेर जायची नाही. नियम मास्तरांनीच केला होता आणि आजवर त्यांनी तो कुणासाठी वाकवला नव्हता.

अशा माणसाची साक्ष भावजींच्या विरोधात होती. वहिनींनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि आधी मिस्त्रींना गाठलं.

मिस्त्री इंजिनाचा माणूस. ते नळाखाली हात धूत होते आणि वहिनी दिसताच त्यांनी ते आणखी जोरात धुवायला घेतले.

"तेल कुठनं गेलं, मिस्त्री?"

"फिल्टरचं रबर फाटलं. थेंब थेंब जात राहिलं. आता रबर कधी फाटेल हे काय ते मला चिठ्ठी पाठवून कळवतं? म्हणूनच तर दिवा दिलेला असतो ना गाडीत!"

"दिव्याला कधी हात लावलात?"

"मी?" मिस्त्रींनी ओले हात कानांवर ठेवले. "वायर बघितली की मला घाम फुटतो. घरी बल्ब बदलायचा तर बायको बदलते. उभ्या आवाराला विचारा."

विचारायची गरज नव्हती. मिस्त्रींना एकदा वहिनींच्याच दुकानात बॅटरीचा झटका बसला होता आणि त्यांनी केलेला आरडाओरडा अजून गल्लीच्या लक्षात होता.

दुसरा चालक पैलवान. मानेपासून खाली एकाच जाडीचा, आणि आवाज मात्र बारीक. ही व्हॅन आवारातली सगळ्यात चांगली गाडी, आणि ती आपल्याला मिळावी म्हणून तो मॅडमच्या मागे लागला होता हे सगळ्यांना माहीत होतं. भावजी सुटीवर गेले तेव्हा आठवडाभर त्यानेच ती चालवली होती.

"तेव्हा तू डॅशबोर्डात डोकं घातलं होतंस म्हणे," वहिनींनी अंधारात खडा टाकला.

पैलवानाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं? मिस्त्रींनी? अहो, काटे दिसत नव्हते संध्याकाळी. वेगाचा आकडा अंधारात. फ्यूज उडाला होता, तो बदलला. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच की! वहिनी, मला गाडी हवीय. मेलेली गाडी घेऊन काय तालीम करू तिच्यावर?"

बोलणं बरोबर होतं. पण बोलताना त्याची नजर सारखी फाटकाकडे जात होती. काहीतरी तो गिळत होता. वहिनींनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "मास्तरांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं," आणि तरातरा निघून गेला.

३

मास्तरांची खोली फाटकाला लागून होती. आत एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर उघडून ठेवलेला रेडिओ. तो दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता. खोली इतकी टापटीप की वहिनींना चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. मास्तरांच्या चष्म्याची दांडी मोडली होती आणि ती त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीने व्यवस्थित बांधली होती, टोकाचं छोटं शेपूट आत दुमडून.

"बसा. चहा सांगू?"

"नको, वेळ कमी आहे. मास्तर, माझा दीर कसा माणूस आहे?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चांगला. रुग्णांना हाताला धरून उतरवतो. माझी बायकोही त्याच गाडीतून जाते. त्या दिवशीही होती."

"त्यांना लागलं नाही ना?"

"नाही. घाबरली फक्त." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आता इथेच बसलीय, मॅडमच्या खोलीबाहेर. साक्ष द्यायला बोलावलंय."

"मग हा माणूस खोटं का बोलेल?"

"मी कुठं म्हणालो तो खोटं बोलतो? मी एवढंच म्हणतो, की दिवा लागत होता. मी पाहिलं ते सांगतो, वहिनी. त्यापुढचं मी कसं सांगू?"

त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. वहिनी बाहेर आल्या तेव्हा भावजी व्हॅनच्या पायरीवर बसून होते.

"भावजी, आठवून सांगा. या गाडीच्या दिव्यांत अलीकडे काही बदललं होतं?"

"काही नाही हो. उलट झारी सुधारली होती."

"सुधारली म्हणजे?"

"पूर्वी जरा रेंगाळायची. इंजिन सुरू केलं की बॅटरीचा दिवा चटकन जायचा आणि झारी एखादा क्षण मागे राहायची. मी चिडवायचो तिला, उठा बाई म्हणून. मी सुटीवरून आलो तर बघतो, शहाणी झालेली! बॅटरीच्या जोडीनंच विझायला लागली. मला वाटलं, पैलवानानं काही दुरुस्ती केली असेल."

वहिनी एकदम ताठ उभ्या राहिल्या.

"गाढव आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि मीही. मी मघापासून झारी का पेटत नाही ते शोधतेय. ती आत्ता का पेटलीय, ते बघायला हवं होतं. बॉनेट उघडा."

४

"नीट ऐका," वहिनी म्हणाल्या. "इंजिन बंद असलं की तेलाला दाब नसतो. म्हणून किल्ली फिरवली की झारी पेटते. इंजिन सुरू झालं, दाब चढला की विझते. दाब चढायला क्षणभर लागतो, म्हणून ती रेंगाळते. रेंगाळायलाच हवी. हे तिला कोण सांगतं? ही इथली एक वायर. ही काढली तर तिला इंजिनाकडचं काही कळायची सोयच उरत नाही. मग तिनं काय करायचं?"

"विझायचं?"

"विझायचं. आत जा, किल्ली फिरवा."

भावजी आत बसले. वहिनींनी इंजिनाच्या कुशीत हात घातला, तेलाच्या दाबाच्या स्विचवरची टोपी चाचपली आणि वायर उपटून हातात धरली.

"विझली?"

आत किल्ली पुन्हा फिरवल्याचा आवाज झाला.

"भावजी! विझली का?"

"नाही," भावजी म्हणाले. "पेटलेलीच आहे."

इंजिनाशी संबंध तुटलेला आणि तरी झारी आपली लाल, लख्ख! हा दिवा इंजिनाचं ऐकतच नव्हता. तो दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होता.

त्यांनी समोरच्या फळीचे स्क्रू काढले, फळी अलगद पुढे ओढली आणि टॉर्च धरला. पाठीमागे वायरींची नेहमीची गर्दी. त्यात एक बोटभर लांबीचा तुकडा होता, कारखान्यातून आलेला नसलेला. तो झारीच्या वायरीला बॅटरीच्या दिव्याच्या वायरीशी जोडत होता. बॅटरीचा दिवा पेटला की झारी पेटणार, तो विझला की ही विझणार. पुढे तेल असो, नसो.

"म्हणजे झारी कधी पेटणारच नव्हती," भावजी हळू आवाजात म्हणाले. "चालत्या गाडीत कधीच नाही. वहिनी, मी खोटं बोलत नव्हतो."

"ते मला सकाळपासून ठाऊक आहे. पण मॅडम विचारतील, हे केलं कुणी? जवळ या, हे बघा."

जोडावर काळी इन्सुलेशन टेप नव्हती. पांढरी चिकटपट्टी होती, जखमेवर लावायची. गाडीत अशी पट्टी एकाच ठिकाणी असणार. औषधपेटीत.

वहिनींनी वळून पाहिलं. औषधपेटीची किल्ली भावजींच्या पट्ट्याला लोंबत होती.

५

"माझ्यावर संशय घेताय?" भावजींचा आवाज चढला.

"घेतेय. तुमची वहिनी आहे म्हणून सोडेन असं वाटलं काय? संध्याकाळी मॅडमनी हाच प्रश्न विचारला तर तुमच्या तोंडाला फेस येईल. त्यापेक्षा आत्ता मला उत्तर द्या. पेटी दाखवा."

भावजींनी रागारागाने पेटी काढून त्यांच्या हातात आदळली. पेटीला कुलूप होतंच, वर झाकणावर कागदी सील होतं. दवाखान्यानं भरून दिली तेव्हाचं, जसंच्या तसं. पेटी कधी उघडलीच नव्हती.

"झालं समाधान?"

"झालं. आणि रागवायचंच असेल तर संध्याकाळनंतर रागवा, आता वेळ नाही." पण वहिनींच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तो उतरलेला भावजींना दिसलाही.

त्या पुन्हा जोडाशी वाकल्या. वायरवाले टेप दाताने तोडतात, टोक फाटकं येतं. हे टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं. आणि आणखी एक गंमत होती. पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलेलं नव्हतं. ते आत दुमडून त्याचं छोटं शेपूट ठेवलं होतं, चिमटीत धरून सहज ओढता येईल असं. इतक्या वर्षांत वहिनींनी असा जोड पाहिला नव्हता. वायरीचा जोड कुणी सोडायच्या तयारीने बांधतं का?

पण असं शेपूट त्यांनी आजच कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवलं तेव्हा त्यांना मुळीच आनंद झाला नाही.

मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. किडकिडीत, हसतमुख बाई. डाव्या हातावर पांढरी पट्टी.

"दुखतं का हो?" वहिनी शेजारी बसल्या.

"सवय झाली. पट्टी काढताना तेवढं दुखतं. तेही आता नाही, हे टोक दुमडून ठेवतात ना." बाईंनी कौतुकाने हात पुढे केला. पट्टीचं शेपूट आत दुमडलेलं होतं. "दवाखान्यात लावलेली घरी आल्यावर काढून हे स्वतः नवी लावतात. खिशात रीळ आणि छोटी कात्री घेऊनच फिरतात."

वहिनींनी त्या शेपटावरून नजर काढली. "गाडी कधी फाटकात अडली होती का? पैलवान चालवत होता तेव्हा?"

"अडली होती की! मला त्या दिवशी श्वास पुरत नव्हता. यांनी पुकारा केला, 'तेल?' आणि तो झारीचा दिवा लागेचना. यांचा चेहरा असा झाला! नियम यांचाच. सगळे चालक मागे रांगेत उभे, बघतायत. पैलवानाला मिस्त्रीकडे पिटाळलं, स्वतः आत शिरले. म्हणाले, तू डोळे मिटून बस, मी बघतो. मिस्त्री काही सापडला नाही, पण पैलवान परत येईपर्यंत दिवा लागला होता. हे म्हणाले, चिमटा सैल होता, दाबला. वेळेत पोचले हो मी. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं."

त्या हे अभिमानाने सांगत होत्या. नवऱ्यानं आपला जीव वाचवला म्हणून सांगत होत्या. वहिनींनी बाईंचा हात थोपटला आणि उठल्या.

मास्तर फाटकाशी उभे होते.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "शेपूट दुमडलंय. म्हणजे त्याच दिवशी सोडायचं होतं. मग सोडलं का नाहीत?"

मास्तरांचा हात चष्म्याच्या दांडीकडे गेला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या बायकोकडे.

"मॅडमनी सगळ्यांना व्हॅनपाशी बोलावलंय," ते म्हणाले आणि चालू लागले.

६

मॅडम कमी बोलणाऱ्या आणि लवकर कंटाळणाऱ्या होत्या. मिस्त्री, पैलवान, बाकीचे चालक, हात गळ्यात बांधलेले आजोबा, सगळे व्हॅनभोवती जमले. मास्तरीणबाई काठी टेकत येऊन उभ्या राहिल्या.

"दिवा लागतो," मॅडम म्हणाल्या. "मग राहिलं काय?"

"लागतो, हे खरंच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी तो आता विझवून दाखवते. भावजी, किल्ली."

झारी पेटली. बॅटरीचा चौकोन पेटला. दार उघडं होतं, सगळ्यांना दोन्ही दिसत होते.

"ही तेलाची वायर. मी काढली. झारी बघा." झारी ढिम्म. "तेलाच्या दिव्याला तेलाशी देणंघेणं नाही. आता हा अल्टरनेटर, बॅटरी भरतो तो. याचा तेलाशी काडीचा संबंध नाही. याची ही बारकी वायर काढते."

वहिनींनी वायर ओढली. चौकोन विझला आणि त्याच क्षणी झारीही विझली.

आजोबा सगळ्यांत आधी बोलले. "अरे बापरे! म्हणजे याला बिचाऱ्याला दिसणार काय होतं?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाल्या. "तेलाच्या स्विचकडून येणारी वायर आत घासून तुटलीय. त्यामुळे एक दिवस हजेरीला झारी लागली नाही. ती वायर शोधायला वेळ लागतो आणि त्या दिवशी वेळ नव्हता. म्हणून कुणीतरी झारी बॅटरीच्या दिव्याला बांधली. हजेरी झाली, गाडी गेली. दुसऱ्या कुठल्या आवारात हे झालं नसतं, मॅडम. तिथे लोक बिघडलेला दिवा घेऊन तसेच निघाले असते आणि चालकाला निदान माहीत तरी असतं की झारी आंधळी आहे. इथे हजेरी द्यायलाच हवी होती."

"कुणी केलं हे?" मॅडमनी विचारलं.

मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले. पैलवान जमिनीकडे बघत होता. त्या दिवशी फाटकावर काय झालं ते त्याला दिसलं होतं आणि मास्तरांच्या भिडेपोटी तो गप्प होता, हे वहिनींना आता कळलं.

वहिनींनी फळीमागून तो पांढरा जोड आता सोडवून मुठीत घेतला होता. मूठ उघडली की झालं. मास्तरीणबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. भावजी वहिनींकडे बघत होते, आणि त्या नजरेत सबंध आयुष्य टांगलेलं होतं. वहिनींनी ठरवलं, दीर सोडवायचाच. पण मूठ उघडण्याआधी एक संधी.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हजेरी तुमची आहे. तुम्हीच घ्या."

मग मॅडमनीच प्रश्न पुन्हा केला. "मी विचारतेय, हे कुणी केलं?"

मास्तरांनी चष्मा काढला. आयुष्यभर दुसऱ्यांकडून जो शब्द वदवून घेतला, तो त्यांच्या तोंडून बाहेर यायला वेळ लागला.

"हजर," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंची काठी खाली पडली. "अहो, माझ्यासाठी?"

"त्याच संध्याकाळी सोडणार होतो," मास्तर मॅडमशी बोलत होते, पण बघत होते भावजींकडे. "संध्याकाळी हिला दवाखान्यात ठेवून घेतलं. मी परत आलो तेव्हा दिवस उलटून गेले होते आणि झारी रोज हजर म्हणत होती. सोडायला गेलो असतो तर सांगावं लागलं असतं की माझी हजेरी खोटी आहे. उद्या सोडू, उद्या सोडू म्हणत राहिलो. आजोबांचा हात मोडला तरी तोंड उघडलं नाही. दिवा लागत होता म्हणालो, ते खोटं नव्हतं मॅडम. पण ते खरं मी या माणसाच्या गळ्यात बांधलं." ते रडत होते, उघड, सगळ्यांसमोर.

भावजी गाडीतून उतरले. आता हा मास्तरांची गचांडी धरतो की काय, म्हणून वहिनी पुढे सरकल्या. भावजींनी खाली पडलेली काठी उचलली आणि मास्तरीणबाईंच्या हातात दिली.

"मला सांगायचं होतंत, मास्तर," ते म्हणाले. "मी आंधळी झारी घेऊन तेल रोज स्वतः तपासलं असतं. तुमच्या बायकोला मी पोचवलं नसतं का?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बायकोचा हात धरला.

व्हॅनमध्ये दुसरं इंजिन बसलं त्या सकाळी फाटकाशी वहिनी उभ्या होत्या. मास्तरांनी हजेरीचं काम स्वतःहून सोडलं होतं आणि पुढची चौकशी व्हायची होती. तोवर मॅडमनी वहिनींच्या गळ्यात ते काम घातलं होतं. रुग्ण आत बसले. मास्तरीणबाईंना चढवून मास्तर खालीच घुटमळत होते.

"चढा की," भावजी चालकाच्या जागेवरून म्हणाले. "पट्टी कोण बांधणार त्यांची, मी?"

मास्तर चढले आणि बायकोशेजारी बसले.

वहिनी खिडकीतून वाकल्या. "हातब्रेक?"

"हजर."

"बॅटरी?"

"हजर."

"तेल?"

"हजर."

"सुरू करा."

इंजिन घुरघुरलं. बॅटरीचा चौकोन चटकन विझला. झारी मात्र लालच होती. मागच्या बाकावर मास्तर श्वास रोखून पुढे वाकले. मग तीही विझली.

"रेंगाळली मेली," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

"वहिनी," भावजी म्हणाले, "दुकान विकू नका."

"तुम्हाला विचारलंय कुणी? निघा आता, रुग्ण खोळंबलेत."